गाडी बाबांची, लायसन्स शिकाऊ, विमा कोणाचा?

बारावीची परीक्षा आटोपते, अठरा पूर्ण होतात आणि घरात दोन मागण्या जवळजवळ एकदमच येतात. एक शिकाऊ परवान्याची, दुसरी दारातल्या गाडीच्या किल्लीची. पहिली पुरी करणं आता सोपं झालंय. आधार कार्ड असेल तर महाराष्ट्रात 2021 पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. दुसरीपाशी मात्र आई-बाबा अडखळतात. पोराने शिकताना गाडी कुठे ठोकली तर विम्याचं काय? मग सोसायटीतले काका एक सांगतात, एजंट दुसरं आणि न्यूजर्सीची मावशी फोनवर तिसरंच.

‘कोवळ्या ड्रायव्हरचा विमा वेगळा आणि महाग असतो’

ही मावशीची बातमी. तिच्या गावी ती खरीही आहे. अमेरिकेत विम्याचा हप्ता ठरवताना चालवणारा माणूस मोजला जातो. घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पालकांच्या पॉलिसीत आला की हप्ता चांगलाच फुगतो. मग शाळेत चांगले गुण असल्याची सवलत, ट्रेनिंगची सवलत अशी शोधाशोध सुरू होते. तिथेही सगळीकडे एकच नियम नाही. हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कंपन्यांना वयावरून दर लावता येत नाही. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी गाडी शिकायला सुरुवात करता येते. तिथे हप्ता वाचवायला मुलाच्या गाडीचा मुख्य चालक म्हणून आईचं किंवा बाबांचं नाव लावणं ही सरळ फसवणूक धरली जाते आणि पॉलिसी रद्द होऊ शकते. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आपल्याकडे विमा गाडीमागे चालतो. त्याचा एक भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा. त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर अवलंबून असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी गाडीला 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1500 सीसीपर्यंत 3,416 आणि त्यापुढे 7,897 रुपये होते, जीएसटी वेगळा. स्टिअरिंगवर 18 वर्षांची मुलगी आहे की 58 वर्षांचे बाबा, याने या आकड्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, ज्याला एजंट ‘ओडी’ म्हणतात. तो गाडीची किंमत, तिचं वय, सीसी आणि विभाग पाहून ठरतो. मुंबई आणि पुणे ‘अ’ विभागात, नाशिक-कोल्हापूर ‘ब’ विभागात. विभाग नोंदणीवरून धरतात, तुम्ही कुठे राहता यावरून नाही. 2007 पासून ओडीचे दर कंपन्यांच्या हाती आहेत, त्यामुळे एखादी कंपनी मालकाचं वय किंवा व्यवसायही बघते. म्हणून एकाच गाडीसाठी दोन-तीन कंपन्यांचे आकडे मागवणं हा हप्ता कमी करण्याचा सर्वांत साधा मार्ग. ‘शिकाऊ मुलासाठी खास पॉलिसी’ असं काही कोणी गळ्यात मारत असेल तर त्यात नेमकं काय जास्त मिळतंय ते विचारा.

‘शिकाऊ लायसन्सवर अपघात झाला तर कंपनी एक पैसा देत नाही’

या गैरसमजापायी कित्येक घरांत मुलं शिकतच नाहीत. किंवा उलट, ‘तसंही मिळणार नाहीच’ म्हणून कसलेच नियम न पाळता शिकतात. खासगी गाडीची पॉलिसी उघडा आणि ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ शोधा. वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, असं तिथे लिहिलेलं असतं. त्याच्याच पुढे शिकाऊ परवानाधारकाचाही उल्लेख असतो. अट एवढीच की त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 3 पाळलेला असावा.

खरी मेख या नियम 3 मध्ये आहे. परवाना त्या दिवशी चालू हवा. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो. सातव्या महिन्यात पक्की टेस्ट द्यायची राहून गेली असेल तर कायद्याच्या लेखी तुमच्या मुलाकडे परवानाच नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि गाडी थांबवता येईल असा बसलेला हवा. मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेली आई चालत नाही, पुढच्या सीटवरचा शिकाऊ मित्र तर नाहीच. आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’. नियमात त्याचं मापही दिलंय, 18 सेंटीमीटरचा चौकोन, 10 सेंटीमीटर उंच अक्षर. स्केचपेनने कागदावर काढून मागच्या काचेला आतून चिकटवलेला ‘एल’ पाहून विमा कंपनीचा सर्व्हेअर काय लिहील, याचा जरा विचार करावा.

रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं काय? सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्ण सिंग खटल्यात स्पष्ट केलं की शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे. तेवढ्या कारणाने कंपनीला जखमीची भरपाई झटकता येत नाही. अटींचा गंभीर भंग असेल तेव्हाही न्यायालयांनी अनेकदा ‘आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश दिला आहे. ‘कंपनीने दिले’ म्हणून सुटलो असं समजणाऱ्या मालकाला वसुलीची नोटीस येते ती याच वाटेने. त्यामुळे नियम 3 पाळणं हे माझ्या मते कोणत्याही सवलतीपेक्षा जास्त पैसे वाचवतं, आणि त्याला फक्त दोन स्टिकरांचा खर्च आहे.

‘सोळाव्या वर्षीही शिकाऊ परवाना मिळतो की!’

मिळतो, पण 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी. चारचाकीसाठी अठरा पूर्ण हवेत, गावाकडच्या रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 199 अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात 17 वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शेच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती. इथे स्वस्त-महाग पॉलिसीचा प्रश्नच उरत नाही.

‘फुल इन्शुरन्स आहे, काही झालं तरी मिळेल’

शिकणाऱ्याच्या हातून बहुधा काय होतं? बंपर घासतो, आरसा तुटतो, रिव्हर्स घेताना गेट वाकतं. यातलं गेट तुमच्याच बंगल्याचं असेल तर त्याचे पैसे गाडीच्या पॉलिसीतून मिळत नाहीत. गेटला टेकून उभी बाबांची स्कूटरही त्याच हिशेबात जाते, कारण स्वतःची मालमत्ता ‘तिसरी’ होऊ शकत नाही. स्कूटरला तिची स्वतःची ओडी पॉलिसी असेल तर गोष्ट वेगळी. समोरच्या जोशींच्या गाडीला पोचा पडला तर ती मात्र थर्ड पार्टी. तरी तिथल्या तिथे ‘चूक आमचीच, पैसे देतो’ असं कबूल करून बसू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कसलीही कबुली किंवा रक्कम देऊ नये, अशी पॉलिसीची अटच असते. शेजारधर्म म्हणून खिशातूनच द्यायचे असतील तर मग क्लेमचा विचार सोडून द्यायचा.

राहिला आपला बंपर. तो प्लास्टिकचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी यांच्या किमतीतून घसाऱ्यापोटी निम्मे कापले जातात. वरून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आणि मोठ्या गाडीला 2,000 रुपये प्रत्येक क्लेमला आपणच सोसायचे. म्हणून एजंट घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कव्हर सुचवतो. सल्ला वाईट नाही, पण डोळे झाकून घेण्यासारखाही नाही, कारण मध्ये एनसीबी, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’ची सूट येते.

बिनक्लेमच्या वर्षांमागे ओडीच्या हप्त्यावर 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट मिळत जाते. एक क्लेम केला की पुन्हा शून्यापासून. समजा तुमचा ओडी सुटीविना 12,000 रुपये आहे आणि तुम्ही 50 टक्क्यांवर पोचलात, म्हणजे 6,000 भरताय. बंपरचा क्लेम केलात तर पुढची पाच वर्षं अनुक्रमे 12,000, 9,600, 9,000, 7,800 आणि 6,600 भरावे लागतील. जास्तीचे झाले 15,000. गाडी जुनी होते तसा ओडीही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून थोडा कमी येईल. पण आठ हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणं तोट्याचंच.

मग ज्यांची एनसीबी पन्नासवर आहे त्यांनी ठरवून टाकावं: किरकोळ पोचे खिशातून, क्लेम फक्त मोठ्या नुकसानीला. असं ठरवलं तर ऐच्छिक कपातीचा पर्याय फायद्याचा ठरतो. ‘पहिले पाच हजार आमचे’ असं कबूल केलं की कंपनी ओडीत सूट देते. ज्यांची एनसीबी शून्य आहे त्यांना गमावायला तुलनेने कमी आहे, त्यांच्यासाठी झिरो डेपचा खर्च वसूल होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी घाबरणाऱ्यांसाठी एनसीबी प्रोटेक्ट नावाचं कव्हर आहे. किती क्लेमपर्यंत ते चालतं हे मात्र आधी वाचावं. मुलगा सुटीत घरी येईल तेव्हाच गाडी चालणार असेल तर 2022 मध्ये विमा नियामकाने मान्य केलेली, चाललेल्या किलोमीटरवर हप्ता धरणारी कव्हरंही तपासून पाहावीत. गाडीची किंमत मुद्दाम कमी लावून हप्ता उतरवणं मात्र टाळा. गाडी चोरीला गेली किंवा पुरती चेपली तर त्या कमी लावलेल्या किमतीवरच समाधान मानावं लागतं.

‘पॉलिसीत 15 लाखांचं अपघाती कव्हर आहेच’

आहे, पण मालक-चालकाचं. म्हणजे आरसी ज्याच्या नावावर, पॉलिसी ज्याच्या नावावर आणि वैध लायसन्सही ज्याच्याकडे, त्याचं. बाबांची गाडी चालवणाऱ्या मुलीला ते लागू नाही. आणि चूक तिचीच असेल तर ती थर्ड पार्टीही ठरत नाही. मालकाकडून गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या निंगम्मा खटल्यात म्हटलं आहे. हप्त्यात शे-दोनशे वाचवण्याची चर्चा तासभर चालते आणि ही फट कोणाच्या लक्षातही येत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. मुलीच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. गाडीच्या विम्याच्या मानाने तो फार महाग नसतो, आणि तो गाडीशी बांधलेला नसल्याने कॉलेजला जाताना रिक्षातही लागू असतो.

‘शिकायला जुनी गाडी घेतली, विमा तिच्यावर होताच’

अर्धं खरं. मालक बदलल्यावर थर्ड पार्टी कव्हर कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतं, ओडी येत नाही. हस्तांतरणापासून 14 दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. अनेक जण आरटीओचे कागद होईपर्यंत थांबतात, आणि नेमका त्याच काळात पोरगा क्लच सोडायला शिकत असतो. जुन्या मालकाची एनसीबी गाडीबरोबर येत नाही, ती त्याच्याकडेच राहते. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना त्या सवलतीचा उरलेल्या मुदतीपुरता फरक कंपनी तुमच्याकडून भरून घेते. हा आकडा गाडीचा सौदा करतानाच विचारून घ्या, म्हणजे किमतीत घासाघीस करायला एक मुद्दा हाती येतो.