अक्षरे हरवत नाहीत

शनिवारवाड्यातून सुटलेले मोडी पत्र केवळ बाळबोध जाणणाऱ्याच्या हाती पडले, तर त्याला त्यात नुसत्या वळणदार रेघाच दिसणार. म्हणून मजकूर नाहीसा झाला असे होत नाही. वाचणाऱ्यापाशी त्या लिपीची ओळख नसते, एवढेच. त्याच शनिवार पेठेत बसून आज आम्ही दूरच्या लिनक्स यंत्रावर ठेवलेल्या वडिलांच्या आठवणी टर्मिनलमध्ये उघडतो आणि अक्षरांऐवजी भलत्याच खुणा उमटतात, तेव्हा घडते ते हेच.

यंत्र अक्षरे साठवीत नाही, अंक साठविते. केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ संकेतात प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मराठी’ शब्दात काना-वेलांटी धरून ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. पडद्याने प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानला की अर्थाचा अनर्थ झालाच.

उपाय क्रमाने करावा. प्रथम आपल्या टर्मिनलचा संकेत यूटीएफ-८ आहे ना, ते पाहावे. मग दूरच्या यंत्रावर ‘लोकेल’ ही आज्ञा देऊन तेथेही तोच आहे ना, हे ताडावे. नसल्यास ‘लँग’ची नोंद बदलावी. साधी इंग्रजीही बिघडली असेल, तर एखाद्या नियंत्रणचिन्हाने पडदा बहकलेला असतो. तेथे ‘रीसेट’ ही आज्ञा बहुधा पुरते, मग ती टंकताना नीट दिसो वा न दिसो.

तोवर पथ्य एकच: बिघडलेला मजकूर जतन करू नये. अंक शाबूत आहेत तोवर अक्षरे परत येतात. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली गेली, की परतीची वाटच बुजते.