सक्ती रद्द झाली, सूट देण्यातला घोळ तसाच राहिला

अमेरिकी सैन्यात लशीची सक्ती नवी नाही. १७७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी फौजेला देवी टोचून घेण्याचा हुकूम दिला होता. आजही तिथल्या सैनिकाला नेमणुकीनुसार अनेक लशी घ्याव्याच लागतात. त्याचं कारण २०२० मध्ये ‘थिओडोर रूझवेल्ट’ या विमानवाहू नौकेवर दिसलं. हजाराहून अधिक खलाशांना कोरोना झाला, एक दगावला आणि भर मोहिमेत नौका ग्वामच्या धक्क्याला अडकून पडली. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये संरक्षणमंत्री लॉईड ऑस्टिन यांनी काढलेला कोरोना लशीच्या सक्तीचा आदेश मला रास्त वाटतो. चुकलं ते धार्मिक कारणावरून सूट देण्याच्या कामात. श्रद्धेवर मोठा भार टाकायचा, तर सरकारकडे अत्यंत निकडीचं कारण हवं आणि कमी जाचक मार्ग उरलेला नसावा, असं १९९३ चा तिथला कायदा सांगतो. ही कसोटी प्रत्येक अर्जदाराला वेगळी लावायची असते. प्रत्यक्षात हजारो अर्जांपैकी मोजकेच मंजूर झाले. संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की, एकेका प्रकरणाला सरासरी बाराच मिनिटं मिळत होती आणि नकारांत त्या व्यक्तीचा स्वतंत्र विचार दिसत नव्हता.

सैनिकाने हुकूम पाळायचा असतो, प्रत्येकाच्या श्रद्धेची चौकशी करत बसलो तर शिस्त राहील का, हा आक्षेप वजनदार आहे. पण शिस्त आणि सूट एकत्र नांदू शकतात. १९८६ मध्ये हवाई दलातल्या ज्यू अधिकाऱ्याला गणवेशासोबत धार्मिक टोपी घालण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला, तेव्हा संसदेने पुढच्याच वर्षी कायदा करून मर्यादित मुभा दिली. गणवेशाचे नियम शाबूत राहिले. लशीच्या बाबतीतही मधला मार्ग समोर होता. नौदलाच्या ‘सील’ कमांडोंच्या दाव्यात टेक्सासच्या न्यायालयाने लस न घेतल्याबद्दलची कारवाई रोखली. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खटला चालू असेपर्यंत, कोणाला कुठे पाठवायचं हे ठरवताना लसीकरण विचारात घेण्याची मोकळीक नौदलाला दिली. म्हणजे लस न घेतलेल्याला बडतर्फ न करताही जहाजापासून दूर ठेवता येत होतं.

संसदेने हा धागा उचललाच नाही. डिसेंबर २०२२ च्या संरक्षण कायद्यात, पक्षीय घासाघीस होऊन, तीस दिवसांत आदेश मागे घ्यावा असं एक कलम घातलं गेलं आणि १० जानेवारी २०२३ ला तो मागे घेतला गेला. तोवर आठ हजारांहून अधिक जण सेवेबाहेर गेले होते. ओमायक्रॉननंतर संसर्ग रोखण्याची लशीची ताकद घटली होती, मग सक्ती उठवण्यात काय चुकलं, असं कोणी विचारेल. उठवणं चूक नव्हतंच. वैद्यकीय आधार बदलला की आदेशही बदलावा. पण त्या कलमात सूट मागणारे अर्ज कोणी, किती मुदतीत आणि कोणती कारणं देऊन निकाली काढायचे, याबद्दल अक्षरही नाही. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी बाहेर पडलेल्यांना थकीत वेतनासह परत घेण्याचा आदेश काढला. त्यांना भरपाई मिळेलही, पण इतर लशींची सक्ती आजही आहे आणि त्या लशींवर आक्षेप घेणाऱ्या सैनिकाचा अर्ज नीट वाचला जाईल, याची हमी त्या आदेशातून मिळत नाही.