बीपीएल मीटरवाल्यांनो, वर्षाचे ३६० युनिट सांभाळा. एकदा ओलांडले की परत तो दर नाही

प्रतिनिधी : दरवाढ झाली की पारावर चर्चा होते युनिटमागे किती पैसे वाढले याची. पण गरीब घराचं बिल एकदम फुगतं ते बऱ्याचदा वेगळ्याच कारणानं. तुमच्या मीटरचा वर्गच बदललेला असतो.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात घरगुती ग्राहकांचे दोन वर्ग आहेत, बीपीएल आणि साधा घरगुती. बीपीएलला स्थिर आकार आणि युनिटचा दर दोन्ही बरेच कमी. अट अशी, की मंजूर भार ०.२५ किलोवॅटपर्यंत पाहिजे आणि मागच्या आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, वापर ३६० युनिटच्या आत पाहिजे. महिन्याला सरासरी ३०. पिवळं रेशनकार्ड आहे म्हणून हा दर आपोआप लागत नाही.

आता हिशोब बघा. ९ वॅटचे चार बल्ब रोज पाच तास, महिन्याला साधारण साडेपाच युनिट. ७५ वॅटचा एक पंखा दहा तास, साडेबावीस. छोटा टीव्ही चार तास, सहा. झाले ३४. थंडीत चार महिने पंखा बंद ठेवला तर वर्षाचे ३२० च्या आसपास बसतात. दुसरा पंखा घेतला की गणित गेलं. मिक्सर तर एकटाच ५०० वॅटचा असतो, म्हणजे मंजूर भाराच्या दुप्पट.

वर्षाला ३६० च्या वर गेलात की साधा घरगुती दर लागतो. पुढच्या वर्षी कितीही काटकसर केली तरी परत बीपीएलमध्ये येता येत नाही. आदेशात हे स्पष्ट आहे, पण गावात कुणाला माहीत नसतं. एका कडक उन्हाळ्यापायी कायमचा दर जावा, हे काही बरोबर वाटत नाही.

साध्या वर्गात गेल्यावर एकही युनिट जाळलं नाही तरी स्थिर आकार येतोच. ऊसतोडीला सहा महिने घर बंद असलं तरी. शिवाय वहन आकार, इंधन समायोजन आणि वर १६ टक्के वीज शुल्क.

म्हणून बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी जुळवा. घराला कुलूप म्हणून सरासरी युनिट टाकलेत का तेही बघा. तसं असेल तर महावितरणच्या ॲपवरून मीटरचा फोटो काढून रीडिंग पाठवता येतं किंवा १९१२ वर तक्रार करा. मार्चच्या आत वर्षाची बेरीज एकदा मारून ठेवा, जुनी बिलं ॲपवर दिसतात.