दूरच्यांना पाजणारा झरा

बहरीनमधल्या मनामाच्या झिंज भागात ऐन अधारी नावाचा फार जुना झरा आहे. आज तिथे अधारी पार्क आहे, पाळणे आहेत. पण एके काळी त्याचं पाणी पाटांतून लांबच्या खजुराच्या बागांना जायचं आणि जवळची झाडं तशीच राहायची. जवळच्यांना सोडून दूरच्यांचं भलं करणाऱ्याला बहरीनमध्ये आजही अधारीचं नाव देतात. म्हण टोमण्याची आहे खरी, पण आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन दर श्वासाला नेमकं हेच करतं, आणि म्हणून तर आपण जिवंत आहोत.

श्वास घेतला की हवा फुफ्फुसांतल्या कोट्यवधी वायुकोशांत पोचते. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तांबडी पेशी त्याला घासून पाऊण सेकंदात पुढे सरकते, आणि तिचं काम त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच उरकलेलं असतं. नुसता विरघळलेला प्राणवायू लिटरभर रक्तात जेमतेम ३ मिलिलिटर मावतो. हिमोग्लोबिनमुळे तोच २०० मिलिलिटरच्या आसपास जातो.

या रेणूत लोहाचे चार अणू असतात. पहिल्याला प्राणवायू चिकटला की अख्खा रेणू आपला आकार किंचित बदलतो आणि पुढच्यांना तो पकडणं सोपं होतं. ही रचना उलगडायला मॅक्स पेरुट्झ यांनी वीसहून अधिक वर्षं घालवली. १९६२ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण मला पकडण्यापेक्षा सोडण्याचंच नवल अधिक वाटतं. जिना चढताना मांडीचे स्नायू तापतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, आम्लता वाढते, आणि तिथेच हिमोग्लोबिनची पकड सैल होते. जो अवयव राबतो त्याला जास्त मिळतं, कुणी हुकूम न देता. ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये हे दाखवून दिलं. आपण स्वस्थ बसलेले असताना तर रक्त जेमतेम पाव भाग प्राणवायू देऊन परततं. उरलेला अडीअडचणीसाठी शिल्लक असतो.

आणि सोडण्याच्या याच क्षणी घात होऊ शकतो. झिंजला लागूनच असलेल्या सलमानियाच्या सरकारी रुग्णालयाला सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण नवे नाहीत. या आजारात हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या साखळीत सहावा दुवा बदललेला असतो, बस एवढंच. प्राणवायू नीट भरला जातो. तो सुटला की मात्र रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हाडं ठणकतात ती त्यामुळे. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये हे दुखणं घरोघरी ठाऊक आहे.

आता खरी चकित करणारी गोष्ट. सिकलसेलच्या जनुकाच्या आजूबाजूची डीएनएची ठेवण आफ्रिकेत जागोजागी वेगळी आहे. आखाताचा हा किनारा आणि मध्य भारत इथे मात्र ती बहुतांशी एकच सापडते. तिला नावच अरब-भारतीय असं आहे. या ठेवणीच्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकून राहतं. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यासाठी बाळाला ते मिळालेलं असतं, आणि ते रेणूंचे दांडे बनू देत नाही. म्हणून पुष्कळांचा आजार थोडा सौम्य राहतो, सगळ्यांचा नाही.

बहरीनने २००४ मध्ये लग्नाआधीची रक्ततपासणी कायद्याने सक्तीची केली. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून. विदर्भातल्या प्रत्येक मुलामुलीची अशी तपासणी बोलणी सुरू होण्याआधीच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी हे गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, आणि कॅसजेव्ही ही जनुक-संपादनाची उपचारपद्धती ते बंद ठेवणारी कळच निकामी करते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने तिला जगातली पहिली मान्यता दिली. दुसरा देश होता बहरीन, अमेरिकेच्याही काही दिवस आधी.