गोंगाट कीं संगीत?



कळंबसारख्या उंसाच्या गांवीं राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकानें विलायती धर्तीच्या वाद्यसंगीतावर बोलावें, हें आपणांस विचित्र वाटेल. मलाहि वाटतें. परंतु ह्या संगीतापायीं माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला होता. तो निवारण्याच्या खटपटींत मला जें समजलें तें आपणांस सांगावें, एवढाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

माझा नातू पुण्यास शिकतो. सुटींत घरीं आला असतां त्यानें एक आल्बम लावला. मुंबईच्या ‘द मिनर्व्हा कंडक्ट’ ह्या मंडळीनें २०१७ सालीं काढलेला, मंडळीच्याच नांवाचा. प्रतीक राजगोपाल व निशिथ हेगडे हे गिटार वाजवितात, अश्विन श्रियान खर्जाची बास-गिटार, आणि ड्रम वाजविणारा अमेरिकन आहे. गायक कोणीच नाहीं. दोन मिनिटें ऐकून मी म्हणालों, “बाळ, हा गोंगाट बंद कर.” त्यानें निमूटपणें बंद केला, आणि पुढें चार दिवस तो माझ्याशीं कामापुरतेंच बोलला.

तेव्हां मला माझ्या वडिलांची आठवण झाली. आमच्याच शिवारांत वसलेल्या वालचंदनगरच्या साखर कारखान्यांत ते कामाला होते. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं गव्हाणीपासून चरकांपर्यंत असा आवाज उठे कीं, शेजारच्या माणसालाहि ओरडून सांगावें लागे. नवख्याला तो नुसता गोंगाट, परंतु वडील उभ्या उभ्या म्हणत, “तिसऱ्या चरकाचा आवाज आज बरोबर नाहीं.” त्यांच्या कानांना त्यांत क्रम ऐकूं येई. मीं त्या मुलाच्या संगीताला नवख्याचा कान तर लावला नाहीं ना? ही शंका मला सोडीना. शेवटीं मीं नातवालाच गुरु केलें.

ह्या संगीताला ‘मेटल’ म्हणतात, आणि त्याचें मूळ खरोखरच कारखान्याच्या परिसरांत आहे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा डावखुरा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. १९६५ सालीं, कामाच्या शेवटच्याच दिवशीं, यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तारा दाबण्याचा हात तोच! त्यानें प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर चामडें चढविलें, बारीक तारा लाविल्या, आणि पुढें त्या सैल करून खालच्या स्वरांत लावल्या. त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ ह्या मंडळीचा पहिला आल्बम १९७० च्या फेब्रुवारींत निघाला. मेटलचा आरंभ बहुतेक जाणकार तेथूनच धरतात. जें जडपण आज मुद्दाम साधलें जातें, त्याच्या मुळाशीं एका मजुराची दुखावलेली बोटें आहेत.

गिटारीचा तो खरखरीत आवाज कसा निघतो? ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर आवाज दिला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊन सपाट होतात, आणि मूळ स्वरांत नसलेले कित्येक उपस्वर त्यांतून निर्माण होतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून आपण जवारी लावतों, तीहि उपस्वर खुलविण्यासाठींच. एक नाजूक, दुसरें दांडगें, इतकाच भेद. असा आवाज केला असतां षड्ज व पंचम एकत्र वाजविले तर शोभतात. त्यांत गंधार मिसळला तर चिखल होतो. म्हणून हे वादक षड्ज-पंचमाची जोडी फार वापरतात. शिवाय षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचें अंतर युरोपांत अस्वस्थ करणारें मानीत, आणि ‘ब्लॅक सबाथ’नें भीति उत्पन्न करण्यास तेंच योजिलें. आपण यमनांत तोच तीव्र मध्यम संध्याकाळीं आनंदानें ऐकतों! स्वर तोच, संस्कार निराळे.

आतां ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे काय? १९६९ च्या सुमारास ‘किंग क्रिम्झन’सारख्या इंग्रज मंडळींनीं रॉक संगीताची ठराविक चार मात्रांची चाल व तीन मिनिटांचें गाणें हें कुंपण मोडलें. १९७१ सालीं जॉन मॅक्लॉफ्लिन ह्यांच्या ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’चा पहिला आल्बम निघाला. त्यांत गाणें नव्हतें, आणि विषम मात्रांचीं आवर्तनें होतीं. तालाचा हा विचार त्यांनीं आपल्याकडून घेतला होता. पुढें मुंबईचे झाकिर हुसेन व हे मॅक्लॉफ्लिन ‘शक्ति’ ह्या मंडळींत एकत्र आले. तेव्हां हा ओघ आपल्याला अगदींच परका नाहीं.

त्यांतील हिशेब शाळेंतल्या लसाविसारखा आहे. समजा, गिटार सात मात्रांचा तुकडा पुनःपुन्हां वाजवीत आहे आणि ड्रमवर चार मात्रा चालू आहेत. दोघे लगेच एकमेकांपासून सुटतात, व ऐकणाऱ्याला वाटतें कीं, कोणीतरी चुकलें. परंतु सात चोक अठ्ठावीस! अठ्ठावीस मात्रा संपतांच दोघे एकदम समेवर येतात. तबल्याच्या तिहाईला मान डोलवितांना आपण ह्याच सुखाची वाट पाहतों.

गायक नसल्यामुळें ह्या संगीतांत अर्थ सांगणारें कोणी नाहीं. म्हणून मीं शाळेंतील रीत वापरली. प्रथम केवळ ड्रमकडे लक्ष दिलें, दुसऱ्या वेळीं केवळ खर्जाकडे, आणि तिसऱ्या वेळीं सर्व एकत्र ऐकलें. बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतां मोजतां मी दोनदां चुकलों. तेव्हां नातवानें माझ्या गुडघ्यावर टिचक्या मारून मला समेवर आणलें. चार दिवसांचा अबोला तेथें संपला.

सर्वच भाग मला आवडला, असें म्हणणें खोटें होईल. कांहीं ठिकाणीं माझे कान अजून थकतात, आणि आवाज बेतानें ठेवावा, हें माझें म्हणणें नातवानेंहि मानलें आहे. परंतु न आवडणें निराळें, आणि न ऐकतां निकाल देणें निराळें. तीस वर्षें मुलांना ‘आधीं नीट ऐका’ म्हणून सांगणाऱ्या मास्तरास तें शोभलें नव्हतें.

आपल्याहि घरांत एखादा मुलगा असें कांहीं लावील. तें बंद करण्यापूर्वी त्याला जवळ बसवून एवढेंच विचारावें: “अरे, ह्यांत सम कोठें आहे?”