पाऊण इंचाच्या घरातली बटणं

कीबोर्डवरच्या एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत पट्टी धरा. पूर्ण आकाराचा कीबोर्ड असेल तर अंतर भरेल 19.05 मिलीमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच. बीडच्या कचेरीत मोजा, अंबाजोगाईच्या टायपिंग क्लासमध्ये मोजा, नाहीतर परदेशात जाऊन मोजा, बहुतेक ठिकाणी हेच. टाइपरायटरच्या काळात रुळलेलं हे अंतर पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांना पाठ झालं आहे. स्वतःचा कीबोर्ड घडवायचा, त्याची बॉडी लाकडातून कोरायची, तर पहिली रेघ याच आकड्यावरून ओढावी लागते.

आपल्याकडे बारावी झाली की टायपिंगचा क्लास लावायचा, हे कित्येक घरांत ठरलेलं असतं. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीत मिनिटाला 30 किंवा इंग्रजीत 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. या क्लासमध्ये पूर्वी गोदरेजच्या मशिनी खडखडत. गोदरेजनं टाइपरायटर बनवायला सुरुवात केली 1955 साली आणि 2009 साली ते थांबवलं. मशीन गेली, तिच्याबरोबर बोटाखालचा तो खणखणीत ठोकाही गेला. त्या जागी आलेल्या स्वस्त कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पातळ थर असतो.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये मात्र प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि प्रत्येक स्विचला स्वतःची स्प्रिंग. आज सर्रास वापरली जाणारी रचना चेरी या जर्मन कंपनीनं 1980 च्या दशकात आणली. बटण एकूण 4 मिलीमीटर खाली जातं, पण अक्षर उमटतं साधारण 2 मिलीमीटरवरच! स्विच आणि सर्किट विकत आणायचं. बॉडी मात्र आपल्या हातानं घडवता येते, आणि या सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत लोभस वाटणारा भाग तोच आहे.

कारण कीबोर्डचा आवाज बराचसा बॉडी ठरवते. वीणेची तार तीच, पण भोपळा बदलला की नाद बदलतो, तसंच हे. 61 बटणांचा छोटा कीबोर्ड 15 बटणं रुंद असतो: 15 गुणिले 19.05, म्हणजे 285.75 मिलीमीटर. एवढ्या लांबीच्या बंद पोकळीत सेकंदाला साधारण 600 कंपनांच्या सुराला घुमायला आयती जागा मिळते. पोकळी उथळ केली, तळाशी फोमचा तुकडा टाकला की तो घुमार दबतो आणि ठोका कोरडा, आटोपशीर ऐकू येतो. जाड लाकूड, पातळ प्लास्टिक, ॲल्युमिनियम, प्रत्येकाचं उत्तर निराळं. आपल्या हातांना कोणता आवाज हवा, हे आपणच ठरवायचं!

आता लाकूड. सागवान घ्यावं, आणि जमलं तर जुनं. मराठवाड्यातली माळवदाची घरं पाडली जातात तेव्हा त्यांच्या तुळया विकायला निघतात; कित्येक वर्षं वाळलेलं ते लाकूड रंध्याखाली सोनेरी निघतं. खिळे मात्र आधी शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. बाभूळ कणखर खरी, पण ती औताला आणि गाडीला शोभते. एवढ्या नाजूक कोरीव कामात ती सुताराचा जीव घेते.

वाळलेलं लाकूडही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. बालाघाटाच्या माथ्यावर मे महिन्यात हवा कोरडी ठक्क असते, श्रावणात तीच दमट. सागवानातला ओलावा 1 टक्का वाढला की फळी रेषांच्या आडवी साधारण 0.2 टक्के फुगते. ओलावा 4 टक्क्यांनी बदलला तर 115 मिलीमीटर रुंदीची बॉडी जवळजवळ 1 मिलीमीटरनं वाढते. रेषांच्या दिशेनं मात्र ती हलत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून लाकडाच्या रेषा डावीकडून उजवीकडे, लांबीला समांतर ठेवायच्या आणि स्विच धरणाऱ्या प्लेटच्या पुढे-मागे थोडी फट सोडायची. ऋतू फिरला की ती फट आपोआप कमी-जास्त होते. झाड तुटून कित्येक दशकं झाली, तरी त्याची ही हालचाल चालूच!

स्विच ज्या पत्र्यात अडकतात त्या प्लेटमध्ये 14 मिलीमीटरची चौकोनी भोकं लागतात, आणि प्लेटची जाडी 1.5 मिलीमीटर, कारण स्विचच्या बाजूचे टिचभर आकडे तेवढ्याच जाडीखाली अडकतात. लेसरनं कापायचं तर किरणालाही जाडी असते, हे विसरू नका. किरण 0.2 मिलीमीटर रुंद असेल आणि रेघेच्या मधून गेला, तर दोन्ही कडांना 0.1 मिलीमीटर जळतं आणि 14 चं भोक 14.2 चं होतं. मग स्विच खुळखुळतो. म्हणून चौकोन मुद्दाम लहान काढायचा, 13.8 चा.

बॉडीचा खड्डा कोरायला दारांवर नक्षी काढणारी सीएनसी राउटर मशीन उपयोगी पडते. पण तिचं पातं गोल फिरतं. 3 मिलीमीटरचं पातं असेल तर आतल्या प्रत्येक कोपऱ्यात 1.5 मिलीमीटर त्रिज्येची गोलाई शिल्लक राहते. कॉम्प्युटरवर चौकोन कितीही रेखीव असो, लाकडात काटकोन उतरत नाही. तो उतरवायला पुन्हा पटाशीच लागते. सुतार दोन ठोक्यांत कोपरा साफ करतो आणि गुण्या लावून बघतो, तेव्हा त्या कारागिरीपुढं मान झुकते.

प्लेट थेट स्क्रूनं आवळली तर स्क्रूजवळची बटणं कडक लागतात, दूरची मऊ. म्हणून प्लेटच्या कडांना वर-खाली रबराच्या पट्ट्या देऊन ती मधोमध तरंगती ठेवतात; सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्याही चालतील. प्लेटची मागची कड पुढच्यापेक्षा 10 मिलीमीटर उंच धरली की 95 मिलीमीटर खोलीवर साधारण 6 अंशांचा उतार मिळतो.

मराठी मात्र बॉडीत नसते, ती बोटांत असते. 1986 साली सरकारनं ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताला मुख्यतः स्वर, उजव्या हाताला मुख्यतः व्यंजनं. ज्या दोन बटणांवर उंचवटा असतो, त्यांपैकी डाव्यावर ऱ्हस्व वेलांटी येते आणि उजव्यावर र. क वर शिफ्ट दाबा, ख मिळतो. ग वर दाबा, घ. वर्णमालेची शिस्त तशीच्या तशी बटणांवर उतरवली आहे! ही मांडणी पाठ असेल तर बटणांवर अक्षरं छापायचीही गरज नाही, कोरी बटणं बसवा.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. आपण ज्या जवसाची चटणी खातो, त्याचंच हे तेल. ते उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातून उकळलेलं आणा, पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून काढा. ऑक्सिजन घेताना तेल तापतं, त्यामुळे पुसायच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या हवेत सुट्या पसरून वाळवा, मगच टाका.