रोग्याच्या हाती कागद कधी पडणार?

वैद्यकीय हलगर्जीपणासंबंधीच्या भारतीय कायद्याची चर्चा ज्या निवाड्यापासून सुरू होते, त्याची कथा कोकणच्या किनाऱ्यावर घडली. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी विशीतल्या एका तरुणास अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. दोन दिवसांनी टॅक्सीच्या मागच्या बाकावर निजवून त्याला सुमारे २०० मैलांवरील पुण्यास आणण्यात आले. तेथील एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात ९ मे रोजी उपचार झाले आणि त्याच रात्री मुलगा गेला. रक्तात चरबीची गुठळी अडकल्यामुळे मृत्यू, असा दाखला मिळाला. पुरेशी भूल न देता, तिघा मदतनिसांकरवी बेसुमार जोर लावून हाड ओढण्यात आले व त्या आघाताने मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष मात्र न्यायालयांनी काढला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा खटला कायद्याच्या ग्रंथांत नोंदला गेला आहे. २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शल्यविशारदाचे अपील फेटाळले. घटनेला तोपर्यंत १५ वर्षे होत आली होती आणि नुकसानभरपाईची रक्कम होती ३,००० रुपये.

रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे या निकालाने घालून दिलेले सूत्र कायद्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. त्याच निकालातील एका साध्या गोष्टीकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. मॉर्फिया म्हणजे काय, भूल कशाला म्हणतात, हाड ओढताना शरीरावर काय ताण येतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ते शेतकरी किंवा गिरणी कामगार असते, तर दाखल्यावरील इंग्रजी शब्दांपुढे हात जोडून ते परत फिरले असते, अशीच शक्यता अधिक.

हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण पुढची प्रकरणे पाहिली म्हणजे तसे करवत नाही. १९९८ साली कोलकात्यात औषधांच्या चुकीच्या मात्रेचा उपचार होऊन एका तरुण स्त्रीचा बळी गेला. तिच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याज सोडून सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपयांची भरपाई देवविली. तो खटला १५ वर्षे नेटाने लढविणारा तिचा पती अमेरिकेत स्थायिक झालेला डॉक्टरच होता. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक दाव्यात तज्ज्ञाची साक्ष अनिवार्य मानता येणार नाही, असा दिलासादायक निर्णय दिला. त्या प्रकरणात हिवतापाच्या रोगिणीवर विषमज्वराचे उपचार झाले होते, आणि तक्रारदार पती हिवताप खात्यातीलच अधिकारी होता! तिन्ही घरांत वैद्यकाचे ज्ञान आधीपासून नांदत होते. ज्या घरात ते नाही, त्या घराचे काय, या प्रश्नाचे उत्तर निवाड्यांच्या संग्रहात शोधून सापडत नाही, कारण ते लोक न्यायालयापर्यंत पोचतच नाहीत.

कायद्याने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली गेली. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानंतर ही तरतूद निसटली, असा युक्तिवाद झाला. तोही मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. तथापि १९९५ च्या त्याच निकालाने जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये या कायद्याबाहेर ठेवली. परिणामी काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या इस्पितळात फुकट उपचार झालेला रुग्ण ग्राहक ठरतो, आणि सर्वस्वी मोफत सरकारी दवाखान्यातला ठरत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही विभागणी निर्दोष असेलही. पण ग्राहक मंचाचा स्वस्त मार्ग ज्याला सर्वांत आवश्यक, नेमका तोच बाहेर राहिला. त्याने दिवाणी दावा लावावा, नाहीतर रिट अर्ज करावा. १९९२ साली आगगाडीतून पडून डोक्याला इजा झालेल्या एका मजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला २५,००० रुपये देवविले. पण त्याच्यामागे शेतमजुरांची संघटना उभी होती.

फौजदारी बाजूस ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांना संरक्षण दिले. हलगर्जीपणा ढोबळ स्वरूपाचा असल्याखेरीज गुन्हा होत नाही, आणि कारवाईपूर्वी पोलिसांनी शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे, असे ते बंधन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाच्या मृत्यूस इतरांसाठी ५ वर्षांपर्यंतची, नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र २ वर्षांपर्यंतचीच कैद ठेवली. या सवलतीबद्दल प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही. मध्यरात्री पोट फाडताना तुरुंगाचा विचार मनात यावा, अशा डॉक्टरकडून कोणाचे भले होणार? पण एका डॉक्टरच्या कृतीबद्दल दुसऱ्या डॉक्टरने मत द्यावयाचे, तर ते मत कशावरून? केसपेपरवरून. आणि केसपेपर कोणाच्या कपाटात? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या! खरा प्रश्न इथे आहे, आणि शिक्षेच्या वर्षांवरील वादात तो हरवून जातो.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रुग्णास त्याच्या नोंदींची प्रत मिळाली पाहिजे, असे बजावले होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी तर मागणी झाल्यापासून ७२ तासांची मुदत घातली. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृह नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनदही आली. कागदावर सर्व काही ठीक आहे. परंतु आचारनियम बांधतात ते नोंदणीकृत डॉक्टरला. रुग्णालय चालविणाऱ्या कंपनीवर किंवा न्यासावर वैद्यक परिषदेचा थेट हात पोचत नाही. नातेवाईक खिडकीवर जातो तेव्हा त्याला डॉक्टर भेटत नाही, भेटतो तो कारकून. आणि कारकुनास नियम ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून वरून हुकूम नसतो. रोग्याच्या संमतीपत्राचीही तीच गत. माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असे २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितले गेले. तरी छापील इंग्रजी मजकुराखाली घाईने उठविलेला अंगठा आपल्याकडे अजून संमती म्हणून चालतो.

दवाखान्यांची मोडतोड आणि डॉक्टरांना मारहाण यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो योग्यच होता. मारहाणीचे समर्थन कोणी करू नये. पण मृत्यूनंतर दोन शब्द समजावून सांगणारा आणि कागद हाती ठेवणारा माणूस त्या क्षणी तिथे असता, तर किती दगड हातातच राहिले असते, याचा हिशेब वैद्यकीय संघटनांनी स्वतःच्या हितासाठी तरी मांडावयास हवा.

करण्याजोगे उपाय मोठे खर्चिक नाहीत. रुग्णाला घरी सोडताना, अथवा त्याचा देह ताब्यात देताना, संपूर्ण नोंदींची पानांवर क्रमांक घातलेली प्रत न मागता द्यावी. सारांश आणि संमतीपत्र मराठीत असावे. प्रत नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या परवान्यावर परिणाम व्हावा, आणि प्रत न मिळाल्यास ग्राहक आयोगाने पुराव्याचे ओझे रुग्णालयावर टाकावे. त्याबरोबर २००२ च्या नियमांतील एक बारकावाही दुरुस्त व्हावयास हवा. आंतररुग्णाची कागदपत्रे जतन करण्याची ३ वर्षांची मुदत तेथे उपचार संपल्यापासून मोजलेली नसून सुरू झाल्यापासून मोजलेली आहे. ग्राहक तक्रारीची २ वर्षांची मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून धावते. चार वर्षे एकाच इस्पितळात फेऱ्या घालून शेवटी दगावलेल्या कर्करोग्याचे नातेवाईक मुदतीत तक्रार घेऊन येतील, तेव्हा निदानाच्या पहिल्या वर्षाचे कागद नियमानुसारच रद्दीत गेलेले असू शकतात.